पाचशे इंजिने संपली तेव्हा : हामामात्सुच्या शेडमधली सायकल

१९४६ सालचा जपान. शरणागतीला वर्ष उलटले होते, पण शहरांतील राख अजून पुरती उचलली गेली नव्हती. तांदूळ रेशनवर होता आणि रेशनवर पोट भरत नव्हते. शहरातल्या बायका ठेवणीतले किमोनो पाठीवर बांधून खेड्यांकडे जात आणि त्यांच्या बदल्यात तांदूळ, रताळी, जे मिळेल ते घेऊन परतत. आगगाड्यांत पाय ठेवायला जागा नसे. माणसे खिडक्यांतून आत शिरत. पेट्रोलवर सरकारी नियंत्रण होते आणि मोटारी सामान्य माणसाच्या आवाक्यात पूर्वीही नव्हत्या. उरली ती सायकल, आणि तिच्यावर बसलेले अर्धपोटी शरीर.

जगातल्या सर्वांत मोठ्या दुचाकी कंपनीची कथा सांगताना ती बहुधा एका जिद्दी माणसाच्या प्रतिभेपासून सुरू केली जाते. परंतु तिचा खरा आरंभ या भुकेत आणि लष्कराने मागे टाकलेल्या भंगारात आहे. आणि तिचा निर्णायक क्षण पहिले इंजिन सायकलला लागले तो नव्हे. तो पुढे आला, भंगार संपले तेव्हा.

हामामात्सु हे तोक्यो आणि क्योतो यांना जोडणाऱ्या जुन्या तोकाइदो मार्गावरचे शहर. इथे हातमाग आणि यंत्रमाग बनत. इथेच तोराकुसु यामाहा यांनी १८८७ साली पहिला ऑर्गन तयार केला आणि वाद्यांचा कारखाना उभा राहिला. लाकूड आणि लोखंड या दोहोंचे कसबी कारागीर गावात पिढ्यानपिढ्या होते. युद्धात हे कारखाने लष्करी उत्पादनाकडे वळवले गेले आणि त्यामुळे शहर शत्रूच्या नकाशावर आले. १९४५ मध्ये आधी विमानांनी बॉम्ब टाकले, मग जुलैच्या अखेरीस समुद्रातून युद्धनौकांनी तोफा डागल्या.

सोइचिरो होंडा यांचा कारखाना त्यातच गेला. १९०६ साली जवळच्याच खेड्यात जन्मलेला हा लोहाराचा मुलगा. वडील गिहेई यांनी पुढे लोहारकामाबरोबर सायकलदुरुस्तीचे दुकान काढले. सोइचिरो पंधराव्या-सोळाव्या वर्षी तोक्योतील ‘आर्ट शोकाई’ या मोटारदुरुस्तीच्या गॅरेजात उमेदवार म्हणून राहिले आणि १९२८ मध्ये त्याच नावाची शाखा काढायला हामामात्सुला परतले. गॅरेज उत्तम चालत असताना त्यांनी पिस्टन रिंग बनवण्याचा घाट घातला, आणि तिथे त्यांना आयुष्यातला पहिला खरा धडा मिळाला.

पिस्टन रिंग म्हणजे दिसायला एक साधे कडे. इंजिनाच्या नळकांड्यात पिस्टन वरखाली होताना वायू निसटू नये म्हणून ते बसवतात. होंडांनी ओतलेली कडी मात्र तुटत तरी किंवा नळकांडे खरवडत तरी. हातात कसब होते, पण लोखंडात कार्बन किती, सिलिकॉन किती, याचे ज्ञान नव्हते. तिशीतला हा गॅरेजमालक मग तांत्रिक विद्यालयात जाऊन मुलांच्या बाकावर बसू लागला. परीक्षा मात्र त्यांनी दिली नाही, म्हणून शाळेने त्यांना काढून टाकले. टोयोटाकडे निवडून पाठवलेल्या ५० रिंगांपैकी कसोटीला उतरल्या फक्त ३. दुरुस्ती करणे आणि घडवणे यांतील अंतर त्या सत्तेचाळीस नापास रिंगांनी त्यांना दाखवले. पुढे हे अंतर त्यांनी पार केले आणि ‘तोकाई सेइकी’ या त्यांच्या कंपनीच्या रिंगा टोयोटाला जाऊ लागल्या.

युद्धकाळातील त्यांचे एक काम या कथेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पुरुष कामगार आघाडीवर गेल्याने कारखान्यात अननुभवी मुली काम करू लागल्या होत्या. होंडांनी त्यांच्यासाठी रिंगा बनवणारी स्वयंचलित यंत्रे रचली. निप्पोन गाक्की, म्हणजे यामाहांच्या वाद्यकारखान्यासाठी, त्यांनी विमानांचे लाकडी पंखे कापणारे यंत्र तयार केले. जो पंखा हाताने घडवायला आठवडा लागे तो या यंत्रावर मिनिटांच्या हिशेबात होऊ लागला. वस्तू बनवण्याइतकाच विचार ती वस्तू बनवणाऱ्या यंत्राचा करायचा, ही सवय तेव्हाची.

जानेवारी १९४५ च्या भूकंपात इवाता येथील कारखाना कोसळला. हामामात्सुचा बॉम्बहल्ल्यात गेला. उरलेले सारे होंडांनी टोयोटा समूहाला ४,५०,००० येनला विकले आणि वर्षभर काहीच न करण्याचे जाहीर केले. त्या वर्षात त्यांनी घरगुती मद्य गाळले आणि समुद्राच्या पाण्याचे मीठ करून तांदळाच्या बदल्यात दिले. हा आळस होता की पराभवाच्या धक्क्यानंतरची स्तब्धता, यावर चरित्रकारांनी बरेच लिहिले आहे. चाळिशीला आलेल्या, कारखाना गमावलेल्या माणसाने थोडे थांबणे याला इतक्या गूढ कारणाची गरज नाही.

१९४६ च्या उत्तरार्धात यामाशिता भागातील जळक्या जागेवर त्यांनी एक लहान शेड उभारली. आत पट्ट्यावर चालणारा जुना लेथ आणि बाहेर पाटी : ‘होंडा तंत्र संशोधन संस्था’. नाव भारदस्त, पण काय बनवायचे तेच ठरलेले नव्हते. आधी नव्या पद्धतीच्या मागाचा प्रयत्न झाला. भांडवल पुरले नाही. मग नक्षीची काच, मग बांबूची जाळी सिमेंटच्या गिलाव्यात घालून छपराचे पत्रे. एकही टिकले नाही.

अशातच एका परिचिताकडे होंडांच्या नजरेस एक छोटे इंजिन पडले. मिकुनी कंपनीने लष्करासाठी बनवलेले. रणांगणावरच्या बिनतारी संचाला वीज पुरवणारा जनित्र फिरवणे एवढेच त्याचे काम. दोन-स्ट्रोक, सुमारे ५० सीसी, एका माणसाला सहज उचलता येईल असे. सैन्य विसर्जित झाल्यावर अशी इंजिने गोदामांत निरुपयोगी पडून होती. होंडांनी ते सायकलला लावायचे ठरवले.

ही कल्पना नवी नव्हती. सायकलला इंजिन जोडण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकापासून चालू होते आणि त्याच सुमारास युरोपातही ते नव्याने सुरू झाले होते. इटलीत ‘कुच्चोलो’ म्हणजे कुत्र्याचे पिल्लू या नावाचे सायकलचे इंजिन १९४६ मध्ये डुकाटीने बनवायला घेतले. फ्रान्समध्ये पुढच्या चाकावर इंजिन बसवलेली ‘वेलोसोलेक्स’ त्याच वर्षी विक्रीला आली. जपानमध्येच फुजी कंपनीने ‘रॅबिट’ स्कूटर काढली आणि तिच्या पहिल्या नमुन्याला चाके लावली ती बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीची. युद्धाने होरपळलेले देश, मोडलेली वाहतूक आणि बेकार झालेले लष्करी साहित्य जिथे एकत्र आले, तिथे हे उत्तर जवळजवळ आपोआप सुचत होते. प्रश्न कल्पनेचा नव्हता, ती चालवून दाखवण्याचा होता.

होंडांच्या पहिल्या नमुन्यात पेट्रोलच्या टाकीच्या जागी होते एक युतांपो, म्हणजे थंडीत अंथरूण ऊबदार ठेवण्यासाठी जपानी घरांत वापरतात ते गरम पाण्याचे भांडे. इंजिन हँडलच्या पुढे बसवले होते आणि त्याचा रबरी रोलर पुढच्या टायरवर घासून चाक फिरवी. रचना सोपी होती, परंतु त्या काळच्या जपानी टायरचे रबर इतके निकृष्ट होते की रोलरखाली ते भराभर झिजे. टायर मिळणे हीच मोठी गोष्ट असताना टायर खाणारे यंत्र कोण घेणार? तेव्हा रचना बदलली. इंजिन सायकलच्या त्रिकोणी चौकटीत आले आणि मागचे चाक व्ही-पट्ट्याने फिरू लागले. पुढच्या साऱ्या सायकली अशाच झाल्या.

इंधनाची कथा वेगळीच. पेट्रोल मिळाले तरी ते तुटपुंजे, म्हणून त्यात पाइनच्या मुळांपासून काढलेले टर्पेंटाइनसारखे तेल मिसळत. युद्धाच्या शेवटच्या दिवसांत विमानांना इंधन म्हणून हेच तेल वापरण्याचा जपानी सरकारचा प्रयत्न होता. या मिश्रणावर थंड इंजिन सहजी पेट घेत नसे. बराच वेळ पॅडल मारत राहावे लागे. आपल्याकडे १९७२ नंतर ज्यांनी पुण्याची लुना पॅडल मारून सुरू केली आहे, त्यांना हिवाळ्यातल्या सकाळी ही कसरत कशी असते ते सांगावे लागणार नाही. एकदा सुरू झाले की मात्र धूर आणि राळेचा वास मागे सोडत सायकल चालू लागे.

ती प्रथम भर रस्त्यावर कोणी चालवली? सोइचिरो यांच्या पत्नी साची यांनी. अन्नधान्यासाठी सायकल दामटणाऱ्या पत्नीचे कष्ट पाहून पतीने इंजिन बसवले, अशी एक गोड आख्यायिका प्रसिद्ध आहे. साची यांची स्वतःची आठवण मात्र अधिक रोखठोक आहे. कष्ट कमी करण्याचा हेतू असेलही, पण बाईमाणसाला हे यंत्र झेपते का ते पतीला पाहायचे होते आणि त्यासाठी आपला उंदीर केला गेला, असे त्या सांगत. त्या गावातल्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्याने फिरून आल्या, तेही ठेवणीतली मोंपे घालून. मोंपे म्हणजे युद्धकाळात जपानी स्त्रिया वापरत ती घोट्याशी बांधलेली सैल विजार. परतल्या तेव्हा विजार तेलाने माखलेली होती. असे चालायचे नाही, गिऱ्हाईक ओरडेल, असे त्यांनी सुनावले. एरवी बायकोला गप्प बसवणारा तो तापट माणूस या वेळी विचारात पडला आणि विक्रीला सायकल निघाली तोवर तो दोष काढला गेला होता.

तेल अंगावर येण्याचे कारण यंत्राच्या जातीतच आहे. साध्या दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, तेल आणि हवा यांचे मिश्रण आत घेणारे द्वार पिस्टनच उघडतो आणि पिस्टनच बंद करतो. पिस्टन खाली येऊ लागला की द्वार पुरते मिटण्याआधी थोडे मिश्रण कार्ब्युरेटरमधून उलटे बाहेर फुंकले जाते. जनित्रासमोर त्या वेळी कोणी बसत नसल्याने मिकुनीच्या इंजिनात याची पर्वा कोणी केली नव्हती. सायकलवर मात्र कार्ब्युरेटर चालवणाऱ्याच्या पायांशी येतो. एका क्षेत्रातील यंत्र दुसऱ्या क्षेत्रात नेले की असे दोष उघडे पडतात, आणि ते शोधायला रस्ता लागतो. लेथ पुरत नाही.

शेडमध्ये जेमतेम डझनभर माणसे होती. आलेले प्रत्येक इंजिन पूर्ण खोलायचे, दुरुस्त करायचे, सुधारून पुन्हा जोडायचे, सायकलला बसवायचे आणि रस्त्यावर चालवून पाहायचे. मगच ते गिऱ्हाइकाच्या हाती. बातमी पसरायला वेळ लागला नाही. नागोया, ओसाका, तोक्योहून खरेदीदार येऊ लागले. त्यांत काळ्या बाजारातले व्यापारीही होते, कारण लवकर पोहोचणाऱ्या वाहनाची खरी किंमत त्यांना ठाऊक होती. होंडांना मिळालेली इंजिने सुमारे ५००. मागणी अशी की ती संपणार हे दिसू लागले.

आणि ती संपली.

इथपर्यंत होंडांनी जे केले ते त्या काळच्या जपानात अनेकांनी केले. हाती लागलेले इंजिन आणि वेल्डिंगचे सामान एवढ्या भांडवलावर शेकडो गॅरेजांत, परसांत, सायकलच्या दुकानांत असे उद्योग सुरू होते. पुढील काही वर्षांत देशात दोनशेहून अधिक दुचाकी उत्पादक झाले. त्यांतील तीस-चाळीस एकट्या हामामात्सुच्या परिसरात. त्यांतील अनेकांचा धंदा दुसऱ्याच्या इंजिनावर चालला होता. भंगार आहे तोवर धंदा, हे या उद्योगाचे न बोललेले सूत्र होते. त्यामुळे इंजिने संपण्याचा प्रसंग ही जोडकाम आणि निर्मिती यांमधली सीमारेषा ठरली. होंडा ती एकदा ओलांडून आले होते. सत्तेचाळीस नापास रिंगांची किंमत मोजून.

त्यांचे स्वतःचे पहिले इंजिन मात्र फसले. त्याला ‘चिमणी’ हे नाव पडले, धुराड्याची चिमणी. टोकाशी उंचवटा असलेला पिस्टन आणि त्याला सामावून घेणारा उंच निमुळता माथा यामुळे ते धुराड्यासारखे दिसे. जळालेला वायू बाहेर जाताना ताजे मिश्रणही त्याबरोबर वाया जाते, हा दोन-स्ट्रोकचा जुना रोग. त्यावर ही रचना होती. कल्पना हुशारीची होती, पण त्या शेडमधल्या हत्यारांना हवी ती अचूकता साधेना आणि हाती असलेल्या धातूला ती झेपेना. चिमणी बाजारात आलीच नाही.

मार्च १९४७ मध्ये शेडमध्ये एक नवा मुलगा रुजू झाला. कियोशी कावाशिमा. हामामात्सुच्याच तांत्रिक महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला. युद्धोत्तर बेकारीत पदवीधरालाही नोकरी नव्हती. त्याची मुलाखत झाली ती होंडांच्या घरी, शेगडीवर रजई पसरलेल्या बैठ्या मेजाशी. होंडा आपली कल्पना खडूने जमिनीवर काढत. कावाशिमा ती कागदावर मापांसह उतरवून घेई. एकाकडे कसब आणि कल्पना, दुसऱ्याकडे रेखन आणि गणित. तांत्रिक शाळेच्या परीक्षा टाळणाऱ्या माणसाला अखेर त्या शाळेची गरज अशी भागवता आली. हा कावाशिमा पुढे १९७३ मध्ये होंडा कंपनीचा अध्यक्ष झाला.

या जोडीचे इंजिन नोव्हेंबर १९४७ मध्ये तयार झाले. नाव साधे : ‘ए-टाइप’. ५० सीसी, दोन-स्ट्रोक. पण मिश्रण आत घेण्याची व्यवस्था आता पिस्टनवर सोपवलेली नव्हती. क्रँककेसच्या बाजूला एक फिरती चकती होती. तिच्यातली खाच द्वारासमोर आली की मिश्रण आत जाई आणि चकती पुढे सरकली की द्वार पक्के मिटे. या पद्धतीत उलटी फुंकर कमी होते. साची यांच्या मोंप्यांवर जे तेल उडाले होते, त्याच्या मुळाशी जाणारी ही सुधारणा होती.

त्याहून महत्त्वाचा निर्णय ओतकामाचा. इतक्या छोट्या कारखान्याने वाळूच्या साच्यात ॲल्युमिनियम ओतावे आणि मग ते कापून-घासून मापात आणावे, हीच रीत. होंडांनी दाबाने पोलादी साच्यात ओतण्याची, म्हणजे डाय-कास्टिंगची, वाट धरली. पोलादी साचा करायला पैसा भरपूर लागतो. तो वसूल व्हायला एकसारखे हजारो भाग विकले जावे लागतात. पैसा नव्हता, हजारो गिऱ्हाइके अजून कागदावरही नव्हती. पण साच्यातून निघालेला भाग जवळजवळ तयार असतो, चुरा कमी पडतो आणि प्रत्येक भाग आधीच्यासारखाच उतरतो. इंजिन आधी खोलून मग सुधारण्याची पद्धत यापुढे चालणार नव्हती. पाचशे भंगार इंजिनांपैकी प्रत्येकाची खोड वेगळी होती. ए-टाइप मात्र सारखे निघायचे होते. युद्धात मुलींसाठी यंत्रे रचताना लागलेली सवय इथे कामाला आली.

लोकांनी या सायकलीला तिच्या आवाजावरून ‘बाता-बाता’ म्हटले. ती १९५१ पर्यंत बनत राहिली. दरम्यान २४ सप्टेंबर १९४८ रोजी ३४ माणसे आणि १० लाख येन भांडवल घेऊन होंडा मोटर कंपनी रीतसर स्थापन झाली. १९४९ मध्ये स्वतःची चौकट असलेली ‘ड्रीम’ मोटारसायकल आली. त्याच वर्षी ताकेओ फुजिसावा कंपनीत आले. विक्री आणि हिशेब त्यांनी पाहायचे, यंत्रे होंडांनी. ही वाटणी दोघांनी निवृत्तीपर्यंत पाळली.

हामामात्सुत हे पाहणारे इतरही होते. माग बनवणाऱ्या सुझुकी कंपनीने १९५२ मध्ये ३६ सीसीचे ‘पॉवर फ्री’ हे सायकलचे इंजिन काढले. त्यात नुसते पॅडल, नुसते इंजिन किंवा दोन्ही मिळून, असे तिन्ही प्रकारे चालवता येई. निप्पोन गाक्कीकडे विमानाचे पंखे बनवणारी यंत्रे युद्धानंतर पडून होती. ती वापरून तिने १९५५ मध्ये यामाहा नावाची पहिली मोटारसायकल बाजारात आणली. होंडांच्या जुन्या गॅरेजात उमेदवारी केलेल्या मासाशी इतो यांनी ‘लायलॅक’ या देखण्या मोटारसायकली बनवल्या. चेनऐवजी दांड्याने चाक फिरवणाऱ्या, जाणकारांनी वाखाणलेल्या. तरी त्यांची कंपनी १९६७ मध्ये बुडाली. कसब कमी होते म्हणून ती बुडाली असे म्हणता येत नाही. दोनशेंतून शेवटी चार राहिल्या, आणि त्यांपैकी तिघींचे मूळ हामामात्सुत.

सायकलच्या इंजिनाचा शेवटचा मोठा अध्याय १९५२ चा. परीक्षा न देता केवळ परवानगीवर लहान इंजिनाची सायकल चालवण्याची मुभा कायद्याने त्याच वर्षी दिली. होंडांनी ‘कब’ नावाचे नवे इंजिन केले : पांढरी टाकी, लाल इंजिन, मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला बसणारे. ते विकायला दुकाने नव्हती. फुजिसावांनी देशभरातील पन्नास हजारांहून अधिक सायकल दुकानांना पत्रे पाठवली. आपल्या सायकली विकत आलात. आता लोकांना इंजिनाची सायकल हवी आहे, ते इंजिन आम्ही बनवले आहे, आपल्याला रस आहे का, अशा आशयाची. उत्तर देणाऱ्यांना आगाऊ पैसे भरायला सांगितले गेले, आणि त्यांनी ते भरले. इंजिने खोक्यांत बंद होऊन रेल्वेने रवाना झाली. खोके उघडायचे, इंजिन चाकाशी बसवायचे, टाकी वर जोडायची आणि गिऱ्हाइकाला पॅडल मारायला शिकवायचे, हे काम त्या दुकानांतल्या मिस्त्रींचे होते. गिहेई होंडा यांनी खेड्यात तेच दुकान चालवले होते.